दुकानाची वही, घराची वही आणि खिशातील मोबाईल

दिवाळीस नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर श्री लिहिली जाते, शुभ आणि लाभ ही अक्षरे कुंकवाने उमटतात, वीर निर्वाण संवताचा नवा आकडा मांडला जातो आणि मग पहिली कलमे पडतात. हा विधी आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु त्या वहीच्या पोटात जो एक सूक्ष्म सिद्धांत आहे त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो सिद्धांत असा की, दुकान निराळे आणि दुकानाचा धनी निराळा. धनी दुकानात रक्कम घालतो तेव्हा ती त्याच्या भांडवल खात्यास जमा होते, म्हणजे दुकान आपल्याच मालकाचे देणेकरी ठरते. तोच धनी सायंकाळी गल्ल्यातून पाचशे रुपये उचलतो किंवा साखरेचे पोते घरी धाडतो, तेव्हा ती रक्कम उचल खात्यात त्याच्या नावे पडते. घरचेच पोते, घरचाच पैसा, मग लिहावयाचे कशाला, असे नवशिक्या मुलास वाटते. जुना मुनीम मात्र जाणून असतो की, हे कलम लिहिले नाही तर दुकान घराला पोसते आहे की घर दुकानाला खात आहे, हे कधीच कळावयाचे नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही याच जुन्या सिद्धांताचा एका नव्या वस्तूच्या संदर्भात विचार करणार आहो. ती वस्तू म्हणजे प्रत्येकाच्या खिशातील स्मार्टफोन. पिढ्यान् पिढ्या कागदावर जी दोन खाती आपण वेगळी ठेवीत आलो, ती या चार-सहा इंचांच्या काचेमागे नकळत एक होऊन बसली आहेत. ती पुन्हा वेगळी कशी करावीत, आणि न केल्यास काय ओढवते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

खासगी आणि दौलत

घराचा पैसा व कारभाराचा पैसा वेगळा ठेवण्याची रीत परदेशातून आलेली नाही. आपल्या मराठी भाषेत 'खासगी' हा शब्द आज आपण सहजपणे वापरतो. मराठेशाहीच्या कारभारात त्याला नेमका अर्थ होता. होळकरांच्या राज्यात 'दौलत' म्हणजे राज्याचा खजिना, आणि 'खासगी' म्हणजे राणीच्या स्वाधीन असलेले स्वतंत्र उत्पन्न. १७३४ साली थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ही खासगीची जहागीर दिली. पुढे अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकीर्दीत भारतभर जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च खासगीतून होत असे. एवढी मोठी सत्ता हाती असूनही दानधर्म कोणत्या खजिन्यातून करावयाचा, हे त्यांच्या दप्तरास ठाऊक होते. आपण ज्या मध्य प्रदेशात राहतो त्याच प्रांतात हा आदर्श घडला आहे, हे आपण विसरता कामा नये.

युरोपातही हाच विचार व्यापाऱ्यांनी केला. लुका पाचोली या गणितज्ञाचा जो ग्रंथ १४९४ साली व्हेनिस येथे छापला गेला, त्यात दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाचे विवेचन आहे, आणि घरखर्चाचे खाते वहीत कसे घालावे याचाही त्यात विचार केलेला आहे. देश निराळा, लिपी निराळी. पण व्यापाऱ्याची अडचण एकच आणि तिच्यावरील उपायही एकच.

मोबाईलने काय केले?

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा आपला टापू सीमेवरचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु आपला माल आजही नागपुराहून येतो, मुले नागपूर-पुण्यास शिकतात, आणि घरात मराठी तर कचेरीत हिंदी चालते. या टापूतील व्यापाऱ्याचा मोबाईल सकाळपासून काय काय करतो ते पाहा. नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याचे बिल त्यावर येते. संत्र्याच्या बागेचा सौदा ठरला की विसाराची रक्कम त्यावरून जाते. बोरगावच्या कारखान्यातील कामगार किराण्याचे पैसे त्यावर पाठवितो. त्याच फोनवर पुण्याच्या वसतिगृहातील मुलीला महिन्याचा खर्च जातो, धाकट्या भावाने उसने घेतलेले परत येतात, काकांच्या औषधाची चिठ्ठी येते आणि भाच्याच्या साखरपुड्याची दोनशे छायाचित्रे येतात.

यूपीआय ही पद्धती राष्ट्रीय भुगतान निगमाने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली. तिच्यामुळे सुट्ट्या पैशांची अडचण मिटली, उधारीची वसुली सुलभ झाली, हे निर्विवाद. पण पूर्वी गल्ला दुकानात आणि पाकीट खिशात अशी जी भौतिक सीमा होती, ती तिने पुसून टाकली. गल्ल्यातील नोट खिशात जाताना हात हलत असे, डोळ्यांस दिसत असे. आता गल्ला आणि खिसा ही एकच वस्तू झाली आहे. सीमा दिसेनाशी झाली म्हणजे ती नाहीशी झाली असे मात्र नव्हे. कायद्याच्या, बँकेच्या आणि भाऊबंदांच्या दृष्टीने ती जिथल्या तिथे आहे.

येथे 'खाते' या शब्दाचे दोन अर्थ ध्यानात घेतले पाहिजेत. एक रकमेचे खाते, म्हणजे बँकेतले. दुसरे ओळखीचे खाते, म्हणजे मोबाईल क्रमांक, व्हॉट्सॲप, गूगलचे खाते, ऑनलाईन खरेदीचे खाते. या दुसऱ्या प्रकारच्या खात्यांत पैसा नसतो, परंतु पैशापर्यंत पोहोचण्याच्या किल्ल्या तेथेच असतात. म्हणून दोन्ही प्रकारांत घर आणि दुकान यांची फारकत करणे अगत्याचे आहे.

एकत्र ठेवल्याने काय ओढवते?

पहिले संकट कराचे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांतील यूपीआयच्या जमा रकमा पाहून अनेक लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या. मालाच्या विक्रीत वर्षास चाळीस लाख आणि सेवेत वीस लाख ही जीएसटी नोंदणीची मर्यादा तुम्ही ओलांडली आहे, असे विभागाचे म्हणणे होते. बंगळूरच्या कित्येक दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या आणि प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत गेले. त्या वेळी दुकानदारांची एक तक्रार अशी होती की, जमा झालेली सर्वच रक्कम विक्रीची नाही. तीत घरची देवघेव आणि उसनवारीही आहे. तक्रार खरी असेलही. पण चार वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी आलेले अठरा हजार रुपये तेलाच्या डब्यांचे की मेव्हण्याच्या हातउसन्याचे, हे आज सिद्ध कोणी करावयाचे? ते काम दुकानदाराच्याच माथी येते. खाते वेगळे असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

आयकराचेही तसेच आहे. लहान व्यापाऱ्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची जी सवलत आहे, तीत रोख विक्रीवर आठ टक्के आणि बँकेमार्गे आलेल्या विक्रीवर सहा टक्के उत्पन्न धरले जाते. भावाने घर बांधण्यासाठी दिलेले पाच लाख दुकानाच्या खात्यात आले, तर ते विक्रीसारखे दिसतात. नातलगाकडून मिळालेली भेट करपात्र नसते. परंतु ती भेट आहे, विक्री नव्हे, हे दाखविण्याची जबाबदारी आपली असते.

दुसरे संकट खाते गोठण्याचे. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदली गेली की, चोरीचा पैसा कोणकोणत्या खात्यांतून फिरला याचा माग काढला जातो आणि त्या साखळीतील खात्यांवर रोख लागते. एखाद्या ठकाने त्याच पैशातून तुमच्या दुकानात दोन हजारांचा माल घेतला, तर तुमचा काडीचाही दोष नसताना तुमचे खाते त्या साखळीत सापडू शकते. बिल दाखवून, अर्ज करून ते सुटतेही. पण त्याला वेळ लागतो. त्या अवधीत घराचा आणि दुकानाचा पैसा एकाच खात्यात असेल तर दुकानाबरोबर चूलही थांबते, मुलीची फी थांबते, दवाखान्याचे बिल थांबते. दोन खाती असतील तर निदान एक हात मोकळा राहतो.

तिसरे संकट घराच्या आब्रूचे. गल्ल्यावरचा मुलगा पैसे आले की नाही हे पाहण्यासाठी मालकाचा फोन हाती घेतो. यात त्याचा काही दोष नाही. ते त्याचे कामच आहे. पण त्याच पडद्यावर घरातील बायकामुलांचे संदेश, वैद्यकीय अहवाल, सोयरिकीची बोलणी असतात. उलट बाजूने पाहिले तर घरातील लहान मूल खेळण्यासाठी फोन घेते आणि त्यात गिऱ्हाइकाच्या उधारीचे फोटो, त्यांचे पत्ते, त्यांच्या अडचणी असतात. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ठेव दडपण्यास न्यासापहार म्हटले आहे, तसेच दुसऱ्याच्या एकांतातील गोष्ट उघड करण्यास रहोभ्याख्यान म्हटले आहे. गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट हीदेखील एक ठेवच होय, ही जाण आपल्या वाडवडिलांस होती.

आता तीच जाण कायद्यातही आली आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. एखाद्याने केवळ आपल्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. धंद्यासाठी ठेवलेली कक्षेत आहे. म्हणजे तोच एक दूरध्वनी क्रमांक शेजारी म्हणून तुमच्या घरच्या यादीत असेल तर गोष्ट निराळी, आणि गिऱ्हाईक म्हणून दुकानाच्या यादीत असेल तर गोष्ट निराळी. बिलासाठी दिलेला क्रमांक पुतण्याच्या विम्याच्या जाहिरातीसाठी वापरणे, हे आता केवळ अशिष्टच राहिले नाही. घर आणि दुकान यांमधील रेषा येथे कायद्यानेच आखून दिली आहे.

चौथे संकट सर्वांत दुःखाचे. भाऊ वेगळे होतात तेव्हा, अथवा घरातील कर्ता पुरुष एकाएकी जातो तेव्हा, दुकानाची सर्व सूत्रे एका व्यक्तीच्या फोनमध्ये अडकलेली आढळतात. गिऱ्हाइकांचे क्रमांक थोरल्याच्या फोनमध्ये, क्यूआर धाकट्याच्या खात्याचा, बिलांचे ई-पत्र भाच्याच्या नावावरच्या गूगल खात्यात. वही तिजोरीत असती तर ती दोघांसमोर उघडता आली असती. फोन मात्र एका अंगठ्याने उघडतो, आणि तो अंगठा आता नाही, किंवा आहे पण रुसलेला आहे. अशा वेळी जी कटुता उत्पन्न होते ती पुष्कळदा पैशापेक्षा संशयातून उत्पन्न होते. थोरल्या वहिनीस वाटते की काही लपविले जात आहे. धाकट्यास वाटते की आपल्यावर अविश्वास दाखविला जात आहे. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरीही घर दुभंगते.

कायद्याच्या डोळ्यांनी आपण किती जण?

अविभक्त कुटुंबातील व्यापाऱ्यास हा विषय अधिकच जपून हाताळावा लागतो. आयकराच्या दृष्टीने व्यक्ती ही एक, हिंदू अविभक्त कुटुंब ही दुसरी आणि भागीदारी पेढी ही तिसरी करदाती असते. जैन कुटुंबांसही हिंदू अविभक्त कुटुंबाची ही तरतूद लागू आहे. तेव्हा एखादे गृहस्थ स्वतः एक करदाते, कुटुंबाचे कर्ते म्हणून दुसऱ्या पॅन क्रमांकाचे प्रतिनिधी आणि पेढीचे भागीदार म्हणून तिसऱ्या ठिकाणी उपस्थित असू शकतात. माणूस एक, टोप्या तीन. फोनला मात्र हा भेद कळत नाही. तो आपणच त्यास शिकविला पाहिजे.

एकट्या मालकीच्या दुकानात पेढी व मालक हे कायद्याने एकच असतात, त्यांचा पॅन एकच असतो. तरीही घरखर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ३७ चे हेच तत्त्व होते की, जो खर्च सर्वस्वी धंद्यासाठी आणि व्यक्तिगत स्वरूपाचा नाही तोच मान्य. जी वस्तू धंद्यास आणि घरास दोहोंस लागते तिच्या खर्चाचा वाजवी हिस्साच मिळतो, असे कलम ३८ सांगत असे. २०२५ साली संमत होऊन १ एप्रिल २०२६ पासून ज्याचा अंमल ठरला त्या नव्या आयकर कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. फोनचे बिल घर आणि दुकान यांचे एकत्र असेल, तर त्यातील किती भाग दुकानाचा हे आपणांस ठरवून दाखवावे लागते. फोन आणि क्रमांक दुकानाचाच असेल तर वादच उरत नाही.

जीएसटीतही असेच आहे. नागपूरचा माल जवळून आला तरी राज्याची सीमा ओलांडून आला, म्हणून त्याच्या बिलावर एकात्मिक कर असतो आणि त्याची वजावट आपणांस मिळते. मात्र धंद्याच्या खरेदीपुरतीच. पुष्कळ घरांत ऑनलाईन खरेदीचे खाते एकच असते आणि त्यात दुकानाचा जीएसटी क्रमांक एकदा भरून ठेवलेला असतो. सूनबाईंनी साडी मागविली की तिचे बिलही दुकानाच्या क्रमांकावर फाटते आणि महिन्याच्या विवरणात खरेदी म्हणून झळकते. हिशेबनिसाच्या नजरेतून ते सुटले आणि वजावट घेतली गेली, तर पुढे ती व्याजासह परत करावी लागते. कोणाचाही हेतू वाईट नसतो. खाते एक होते, एवढाच दोष.

फारकत कशी करावी?

वाचक म्हणतील, हे सर्व खरे, परंतु करावयाचे काय? त्याचा क्रम आम्ही सांगतो. यात कोणतेही यंत्रशास्त्र नाही. वही जशी आखून घेतो तसाच फोन आखून घ्यावयाचा आहे.

प्रथम क्रमांक. दुकानास स्वतःचा मोबाईल क्रमांक असावा. पाटीवर, बिलावर, जीएसटीच्या नोंदणीत आणि दुकानाच्या बँक खात्यात तोच असावा. घरच्या बँकेस आणि आधारास जोडलेला क्रमांक गिऱ्हाइकास देऊ नये. आजचे बहुतेक फोन दोन सिम घेतात, म्हणून लगेच दुसरा फोन विकत घ्यावा लागतो असे नाही. दुकानाचा क्रमांक रिचार्जअभावी बंद मात्र पडू देऊ नये. बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांच्या मुदतीनंतर दुसऱ्याच कोणास दिला जाऊ शकतो, आणि मग आपल्या पाटीवरचा क्रमांक परक्याच्या खिशात वाजू लागतो.

दुसरे बँकेचे खाते. पेढीच्या नावाने चालू खाते असावे. व्यापारी पेढीच्या नावे बचत खाते उघडू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडकच आहे. गल्ल्यावर जो क्यूआर लावावयाचा तो याच खात्याचा, व्यापारी म्हणून घेतलेला असावा. मुलाच्या किंवा पत्नीच्या बचत खात्याचा क्यूआर गल्ल्यावर कदापि असू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, दुकानातून घरी पैसा एकाच वाटेने यावा. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेस, ठरावीक रक्कम, एकाच व्यवहाराने दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात पाठवावी आणि वहीत तिची नोंद उचल म्हणून करावी. त्यानंतर भाजी, दूध, फी, औषध हे सर्व घरच्या खात्यातून. मध्येच अधिक लागले तर पुन्हा तशीच एक रक्कम उचलावी. पण दूधवाल्यास दुकानाच्या खात्यातून पैसे देऊ नयेत. महिन्यास दीडशे घरगुती कलमांऐवजी एक किंवा दोन कलमे वहीत पडतील आणि घरास नेमके किती लागते हेही वर्षाअखेर स्पष्ट दिसेल.

तिसरे संदेश. व्हॉट्सॲपचे व्यापारी ॲप २०१८ साली निघाले. दुकानाच्या क्रमांकावर ते आणि घरच्या क्रमांकावर साधे व्हॉट्सॲप, अशी दोन्ही एकाच फोनवर सुखाने नांदतात. एकच क्रमांक एकाच वेळी दोन्हीकडे चालत नाही, हे येथे आपल्या पथ्यावरच पडते. नोकरास मालकाचा फोन देण्याची गरज नाही. दुकानाच्या खात्यास आणखी चार साधने जोडता येतात. नोकर काम सोडून गेला की त्याचे साधन त्याच दिवशी यादीतून काढून टाकावे. दुकानाच्या किल्ल्या आपण परत घेतो, ही किल्ली मात्र घ्यावयाची विसरतो.

चौथे गूगलचे खाते. दुकानाचे वेगळे गूगल खाते काढावे आणि ते दुकानाच्या क्रमांकावर असावे. गिऱ्हाइकांचे क्रमांक साठविताना फोन विचारतो की कोणत्या खात्यात ठेवू. तेव्हा दुकानाचे खाते निवडावे. असे केल्यास फोन हरवला किंवा बदलला तरी यादी दुकानाकडे राहते. येथे आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. गूगल फुकट देते ती जागा पंधरा जीबी असते आणि ई-पत्रे, कागद, छायाचित्रे यांच्यात ती सामाईक असते. लग्नाच्या छायाचित्रांनी ती भरली की नवे ई-पत्र येणेच थांबते, आणि मग पुरवठादाराचे बिल किंवा विभागाची नोटीस आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. लग्नाच्या फोटोंना घरचे खाते आहे. तेथेच ते राहू द्यावेत.

पाचवे ऑनलाईन खरेदी. घरची खरेदी घरच्या क्रमांकाने, जीएसटी क्रमांक नसलेल्या खात्यातून करावी. दुकानाची खरेदी दुकानाच्या खात्यातून. बिले दोन ठिकाणी आपोआप वाटली जातील.

सहावे किल्ल्या. दुकानाच्या खात्यांचे पासवर्ड आणि ती परत मिळविण्याचे संकेतांक एका कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावे. ते कोठे आहे हे भागीदार आणि घरातील एक जबाबदार व्यक्ती यांस ठाऊक असावे. यूपीआयचा पिन मात्र कोणास देऊ नये, आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरातील प्रत्येकास सांगून ठेवावे. बँक खात्यांस वारस नेमलेला असावा. खाते दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास त्यातील माहिती कोणास मिळावी, हे गूगलच्या खात्यात आधी नोंदविता येते. आयफोन वापरणाऱ्यांस ॲपलकडेही आपल्या पश्चात हक्क असणारी व्यक्ती नेमून ठेवता येते.

नोकरी करणाऱ्या मुलांसाठी

आपली पुष्कळ मुले आता नागपूर, पुणे, बंगळूर येथे कंपन्यांत नोकरी करतात आणि कंपनीचे काम स्वतःच्याच फोनवर करतात. त्यांच्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये २०१४ पासून कार्य-कप्प्याची सोय आहे. कंपनीची ॲप या वेगळ्या कप्प्यात राहतात आणि त्यांच्या चिन्हावर एक छोटी ब्रीफकेस दिसते. कामाची वेळ संपली की हा कप्पा बंद ठेवता येतो. स्वतःच्या फोनवर असा कप्पा घेतला असता त्यातील कारभार कंपनीच्या हाती असतो; परंतु बाहेरची घरगुती छायाचित्रे आणि संदेश तिला पाहता येत नाहीत. नोकरी सुटली की कंपनी तो कप्पा तेवढा पुसून टाकते आणि घरचे सारे जागच्या जागी राहते. आयफोनमध्येही कंपनीचे व्यवस्थापित खाते वेगळ्या जागेत ठेवण्याची सोय २०१९ पासून आहे. ज्यांच्या पदरी दहा-वीस नोकर आहेत अशा आपल्या मोठ्या पेढ्यांनीही ही व्यवस्था जाणकाराकडून समजून घ्यावी.

कंपनीचा कप्पा हा कंपनीच्या कचेरीतला टेबलाचा खण समजावा. त्यात घरचे दागिने ठेवू नयेत, आणि घरच्या कपाटात कचेरीचे कागद ठेवू नयेत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आमचे दुकान एवढेसे, त्याला इतका खटाटोप कशाला? आमचे म्हणणे असे की लहान दुकानासच याची गरज अधिक आहे. मोठ्या पेढीपाशी हिशेबनीस असतो, वकील असतो, आणि एखादे खाते महिनाभर अडकले तरी तिचा डोलारा उभा राहतो. लहान दुकानदारापाशी त्याच्या नोंदीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. घरात काय तुझे आणि काय माझे? खाती वेगळी केली म्हणजे मने वेगळी झाली, असे वडीलधाऱ्यांस वाटते. या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ज्या पिढीने चाळीस माणसांची कुटुंबे एका चुलीवर चालविली, त्याच पिढीने उचल खात्यात दर माणसाचे कलम लिहिले, हेही तितकेच खरे आहे. हिशेब हा अविश्वासाचा पुरावा नसून विश्वासाचे कुंपण आहे. कुंपण असते म्हणून शेजारी निर्धास्त झोपतो.

यातून आणखी एक लाभ होतो, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दुकानाचे खाते वेगळे झाले की रात्री दुकानाचा क्रमांक मूक करता येतो. पंगतीस बसलेल्या माणसास भावाची चौकशी करणारे संदेश येत नाहीत, आणि मुलाशी बोलताना नजर पडद्याकडे वळत नाही. दुकानाने घरावर केलेले हे अतिक्रमण कोणत्याही वहीत नावे पडत नाही, परंतु त्याची थकबाकी सर्वांत मोठी असते.

आमची सभासदांस एवढीच विनंती आहे की, येत्या वहीपूजनाच्या दिवशी वहीशेजारी दुकानाचा मोबाईलही ठेवावा, आणि पूजेनंतर घरातील वडील, भागीदार व तरुण मुले यांनी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. दुकानाचा क्रमांक कोणाच्या नावावर आहे? गल्ल्यावरचा क्यूआर कोणत्या खात्याचा आहे? गिऱ्हाइकांची यादी कोणाच्या खात्यात साठते? आणि उद्या एक माणूस नसला तर यांपैकी काय बंद पडेल? ज्या उत्तरात दुकानाऐवजी एखाद्या माणसाचे नाव येईल, ते त्याच आठवड्यात दुरुस्त करावे.